भडकल दरवाजा आणि गुलामगिरीची खूण

मागच्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छोटंसं भांडण झालं. मी पुण्याहून सोयगावला निघालो होतो. संभाजीनगरच्या बसस्थानकावर पुढच्या एसटीला दोन तास अवकाश होता. मोबाइलची बॅटरी अर्धी, पाठीवर लॅपटॉप. मी रिक्षा पकडली आणि भडकल गेटला जाऊन आलो. रिक्षावाल्याने विचारलं, "उधर किसके यहाँ जाना है भाई?" मी म्हटलं, कुणाकडेच नाही, गेट बघायचंय. त्याने आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं आणि वीस रुपये जास्त सांगितले.

फोटो काढला, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शहरातला सगळ्यात भव्य दरवाजा.' पाच मिनिटांत धाकट्या चुलतभावाचं उत्तर आलं. 'दादा, हे सगळे दरवाजे पाडून टाकायला पाहिजेत. औरंगजेबाने बांधलेले आहेत. गुलामगिरीच्या खुणा आहेत नुसत्या.' त्यावर पाच अंगठे आले. त्यातला एक काकूचा होता, पण काकू श्रद्धांजलीच्या मेसेजलाही अंगठाच देते, त्यामुळे तो मी मोजत नाही.

मला लगेच काही उत्तर देता आलं नाही. कारण खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही तेच सांगत होतो. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी म्हणायचो, "ते बावन्न दरवाज्यांचं शहर आहे ना, औरंगजेबाने बांधलेलं, तिथून पुढे शंभर किलोमीटर." दोन वाक्यांत दोन चुका. शहर औरंगजेबाने वसवलेलं नाही. आणि ज्या दरवाज्याचा फोटो मी टाकला होता, तो उभा राहिला तेव्हा औरंगजेबाचा जन्मही झालेला नव्हता. दरवाजा १६१२चा, औरंगजेब जन्मला १६१८ साली.

बावन्न या आकड्याचंही तसंच. बावनकशी सोनं, बावन्न वीर, बावनखणी. आपल्याकडे पुष्कळ म्हणायचं असलं की बावन्न म्हणतात. जुन्या गॅझेटियरात शहराच्या तटाचे चार मोठे आणि नऊ लहान असे दरवाजे दिलेले आहेत. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मकाई, पूर्वेला जालना. नाव वाचलं की रस्ता कुठे जातो ते कळतं. मकाई म्हणजे मक्केच्या दिशेचा. आमची सोयगावची बस अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोड, फुलंब्री, चौका करत हर्सूलला येते, म्हणजे आम्ही कायम दिल्लीच्या बाजूने शहरात शिरतो. लहानपणी दिल्ली दरवाजा दिसला की आई पायातल्या पिशव्या गोळा करायला लागायची.

भडकल मात्र या चार-नऊच्या हिशोबात नीट बसत नाही. तो तटाचा दरवाजा नाही. तो तटाच्या आधीचा आहे, आणि थोडाथोडका नाही, सत्तर वर्षं आधीचा. शहराभोवतीचा तट औरंगजेबाने १६८२ साली बांधायला घेतला. १६१२ साली तिथे भिंतच नव्हती. मग भिंतीशिवाय दरवाजा कशाला?

हा प्रश्न मला पडायला एक कारण आहे. मी दरवाजे बघत मोठा झालोय. सोयगावपासून जवळच हळद्याच्या घाटाच्या तोंडाशी वेताळवाडीचा किल्ला आहे. घाटाचा रस्ता त्याला वळसा घालून वर जातो, त्यामुळे बसमधून किल्ला आधी एका बाजूला दिसतो, मग दुसऱ्या. शाळेत असताना आम्ही सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून तिथे जायचो. त्याचा मुख्य दरवाजा बघितला की दगडातलं शरभाचं शिल्प लगेच दिसतं. आम्ही त्याला वाघच म्हणायचो. दुसऱ्या बाजूला जंजाळा दरवाजा, समोरच्या जंजाळा किल्ल्याकडे तोंड केलेला. किल्ल्याचा दरवाजा हे एक बेरकी प्रकरण असतं. बुरुजाच्या आड दडवलेला, वाट मुद्दाम वळवलेली, म्हणजे शत्रूला हत्ती धावत आणून धडक देता येऊ नये. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. फळीवर लोखंडी खिळे, मागून अडसर, आणि रात्री एकेका माणसाला वाकून आत घ्यायला दिंडी. सगळी रचना एकाच कामासाठी: तू आत येऊ नकोस.

भडकल याच्या अगदी उलट आहे. तो लपत नाही. उंच टोकदार कमान, काळा बसाल्ट, वर छज्जा, आत शिरल्यावर डोक्यावर घुमटाकार छत. तो लांबून दिसावा म्हणूनच बांधलेला आहे. यावरून जायची वाट मलिक अंबरच्या नौखंडा महालाकडे होती आणि दरवाज्यावर नौबत झडत असे, अशी नोंद आहे. जुन्या कागदांत त्याचं नाव बरकल असंही येतं. परंपरा सांगते की तो १६१२च्या विजयाची आठवण म्हणून उभा केला. विजय कुणावर? मोगलांवर.

इथेच माझ्या चुलतभावाच्या मेसेजची गंमत सुरू होते.

मलिक अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. नाव चापू. पोरवयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहात विकत तो बगदादला पोचला. तिथल्या मीर कासीम नावाच्या मालकाने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. मग पुन्हा विक्री, आणि १५७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनच्या किनाऱ्याला लागला. त्याला विकत घेणारा चंगेझखान हा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होता, आणि तो स्वतःही एके काळचा हबशी गुलाम. दख्खनमध्ये हे घडत असे. गुलाम म्हणून आणलेला माणूस लष्करात चढत जायचा, मालक मेला की मोकळा व्हायचा आणि मग स्वतःचे घोडेस्वार बाळगायचा. चंगेझखान काही वर्षांत वारला, त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केलं. पुढे काही काळ तो विजापूरकडे चाकरीला गेला, तिथे 'मलिक' हा किताब मिळाला, आणि १५९५च्या सुमारास थोड्या स्वारांसह निजामशाहीत परत आला.

वेळ वाईट होती. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, चांदबिबी मारली गेली. पुढच्याच वर्षी असीरगड पडला आणि खानदेशही मोगलांचा झाला. नकाशा उघडा आणि बघा. अजिंठ्याची डोंगररांग आता सरहद्द झाली. खाली तापीकडचा सपाट मुलूख मोगलांचा, बऱ्हाणपुरात त्यांचं ठाणं. वर घाटमाथ्यावर अंबरचा बालाघाट. आमचं सोयगाव डोंगराच्या पायथ्याशी, खानदेशाच्या बाजूला. म्हणजे ही सरहद्द आमच्या अक्षरशः डोक्यावरून गेली. आजही आमचा बाजार जळगावचा आणि कचेरी संभाजीनगरची, त्यामुळे ही ओढाताण मला फारशी अनोळखी वाटत नाही.

राजधानी गेली, किल्ला गेला, सुलतान कैदेत. कागदावर निजामशाही संपली होती. अंबरने घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून परांड्याला गादीवर बसवलं, त्याला आपली मुलगी दिली आणि त्याच्या नावाने राज्य चालवायला सुरुवात केली. १६०७पर्यंत राजू दखनी हा प्रतिस्पर्धी बाजूला केला, जुन्नर घेतलं. मग दौलताबाद. आणि १६१०च्या सुमारास दौलताबादच्या जवळच्या खडकी नावाच्या खेड्यात त्याने नवं शहर मांडलं. खडकी म्हणजे खडकाळ गाव. पुण्यात राहणाऱ्यांनी गोंधळू नये, ती खडकी वेगळी.

त्याला संत करायची माझी इच्छा नाही. समकालीन डच नोंदीत असं आहे की त्याच सुमाराला त्याने आपल्या जावयाला, म्हणजे सुलतानालाच, विष घालून मारवलं आणि त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवलं. अंबरच्या मुलीचा राजवाड्यात अपमान झाला होता, हे त्यामागचं कारण दिलेलं आहे. आणि जो स्वतः विकला गेला होता त्याच्या फौजेत विकत आणलेले हबशी होतेच. सतराव्या शतकातली सत्ता अशीच होती.

तर १६१२. जहांगीरने ठरवलं की या हबशाचा एकदाचा निकाल लावायचा. बेत कागदावर छान होता. गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान नाशिक-त्र्यंबकच्या बाजूने दौलताबादवर येणार, दुसरी फौज वऱ्हाडाकडून, आणि दोघांच्या मध्ये अंबर सापडणार. दोन टीम, एक डेडलाइन; आमच्या धंद्यातल्या कुणालाही पुढचं सांगायची गरज नाही. अब्दुल्लाखानाला श्रेय एकट्याला हवं होतं. तो दुसऱ्या फौजेची वाट न बघता पुढे घुसला. अंबरने त्याला येऊ दिलं. समोरासमोर लढाई दिलीच नाही. हलके घोडेस्वार मागून, बाजूने येत, दाणावैरण तोडत, रात्री झोपू देत नसत. दौलताबादजवळ पोचेपर्यंत मोगल फौज अर्धमेली झाली होती. अब्दुल्लाखान बागलाणाच्या वाटेने माघारी पळाला. ते ऐकून वऱ्हाडची फौजही आल्या पावली परतली.

हे हलके घोडेस्वार कोण होते? मुख्यतः मराठे. याच मुलखातले, घाट आणि नाले पाठ असलेले बारगीर आणि शिलेदार. भोसल्यांचं घराणं निजामशाहीच्या चाकरीत होतं. खडकीतल्या मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा या वस्त्यांची नावं मालोजी, खेलोजी, विठोजी, परसोजी या मराठा सरदारांवरून पडली असं सांगतात. ज्याला आपण पुढे गनिमी कावा म्हणून ओळखतो, तो या फौजेने मोगलांविरुद्ध वर्षानुवर्षं घासूनपुसून वापरला. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र आलेल्या असताना हरवल्या. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. शिवाजी महाराजांच्या काळात कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' लिहिलं, त्यात भातवडीच्या प्रसंगी मलिक अंबरच्या पराक्रमाचं कौतुक आहे. महाराजांच्या दरबारच्या कवीला त्याचं कौतुक करताना अवघड वाटलं नव्हतं.

म्हणून भडकल दरवाजा म्हणजे काय, तर आफ्रिकेतून विकत आणलेल्या एका माणसाने मराठा घोडेस्वारांच्या साथीने दिल्लीच्या बादशाहीला परतवलं, त्याची दगडातली पावती.

हे मी ग्रुपवर टाइप केलं होतं. पाठवलं नाही. व्हॉट्सॲपवर कुणी कुणाचं ऐकत नाही.

विजय टिकला का? नाही. हे सांगितलं नाही तर गोष्ट फारच गुळगुळीत होईल. चारच वर्षांनी, १६१६ साली, अंबरचे काही मराठा आणि हबशी सरदार फुटून मोगलांना मिळाले. शाहनवाजखान फौज घेऊन रोहिणखेडच्या घाटाने वर आला, जालन्याजवळ रोशनगावला अंबर हरला, आणि मोगल खडकीत घुसले. काही दिवस राहून त्यांनी गाव जाळलं, पाडलं. १६२१ साली शाहजहानच्या मोहिमेत पुन्हा तेच. दोनदा शहर बेचिराख झालं आणि दोनदा अंबरने पुन्हा बसवलं. भडकल दरवाजा मात्र आजही उभा आहे.

त्याच काळातलं एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. अबुल हसन या चित्रकाराने काढलेलं. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. बादशहा धनुष्य ताणून भाल्यावर खोचलेल्या एका काळ्या मुंडक्यावर बाण सोडतोय, मुंडक्यावर घुबड बसलंय. मुंडकं मलिक अंबरचं. मी हे चित्र पहिल्यांदा मोबाइलवर बघितलं तेव्हा मला हसू आलं. कारण हे कधी घडलंच नाही. जहांगीर आणि अंबर एकमेकांसमोर आलेच नाहीत. अंबर १६२६ साली, ऐंशीच्या आसपासचा होऊन, नैसर्गिक मरणाने गेला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत बादशहापैकी एकाला आपल्या शत्रूचं डोकं फक्त कागदावर मिळालं. जहांगीरच्या पदरी असलेल्या मुतमदखानाने मात्र अंबर गेल्यावर लिहिताना हातचं राखलं नाही. एखादा हबशी गुलाम इतका मोठा झाल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं.

अंबर नुसता लढला असता तर मी त्याच्यावर एवढं लिहिलं नसतं. लढणारे पुष्कळ होते. मला त्याचं पाणी जास्त आवडतं. खडकाळ गावात शहर बसवायचं तर पाणी हवं. त्याने शहराच्या उत्तरेच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी आणलं. ही नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. मध्ये मध्ये पाण्याचा दाब सांभाळायला उभे चिरेबंदी खांब, त्यांना लोक बंबे म्हणतात. उताराचा हिशोब थोडा चुकला तर पाणी येत नाही किंवा नळ फुटतो. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी डोंगरापासून हौदापर्यंत हा हिशोब बरोबर केला. आज हेच शहर पैठणच्या जायकवाडीतून पाणी उपसून आणतं आणि नळाला रोज पाणी येत नाही. कॉलेजात असताना मी भाड्याच्या खोलीवर राहायचो. पाण्याचा दिवस आला की लेक्चर बुडवून ड्रम भरत बसायचो. तेव्हा अंबर कोण हेही मला धड ठाऊक नव्हतं.

त्याच्या महसुलाच्या पद्धतीचंही तसंच. जमिनीची प्रत बघून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवायचा, ही त्याने बसवलेली घडी पुढे दोनशे वर्षं मराठी कागदांत 'मलिकंबरी' या नावाने येत राहिली. राज्य बुडालं, पण धारा मात्र त्याच्या नावाने ओळखला जात राहिला. शेतकऱ्याच्या जिभेवर नाव राहणं हे चित्रात येण्यापेक्षा अवघड असावं.

अंबर गेल्यावर त्याचा मुलगा फतेहखान आला आणि खडकीचं फतेहनगर झालं. १६३३ साली दौलताबाद पडलं आणि हा सगळा मुलूख मोगलांकडे गेला. १६५३ साली शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद पडलं. २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या कामात एखादी जुनी फाइल उघडली की कोणती ओळ कुणी लिहिली ते बघायची सोय असते, तिला गिट ब्लेम म्हणतात. वरचं नाव कितीही वेळा बदललं तरी खालची पहिली ओळ ज्याने लिहिली त्याचंच नाव तिथे दिसतं. शहराला अशी सोय असती तर पहिल्या ओळीपुढे चापू दिसला असता.

आता औरंगजेबाच्या दरवाज्यांकडे येऊ, कारण चुलतभावाचा मूळ राग तिथे होता. आणि त्यातही त्याचं म्हणणं मला नीट उलटून बघावंसं वाटलं.

१६८१च्या सुरुवातीला, संभाजी महाराज गादीवर येऊन थोडेच महिने झाले असताना, मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटलं. बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचं मोगली प्रवेशद्वार, आमच्या सोयगावाहून ईशान्येला. त्याच वर्षी औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. मार्च १६८२मध्ये बादशहा स्वतः औरंगाबादेत पोचला. आणि मग शहराभोवती तट उभा राहायला लागला.

हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी फौज ज्याच्या पदरी, तो एका शहरात येतो आणि पहिल्यांदा काय करतो, तर भिंत बांधतो. कुणाच्या भीतीने? ज्यांनी नुकतंच बऱ्हाणपूर लुटलं त्यांच्या. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा, रंगीन दरवाजा, रोशन दरवाजा ही सगळी यादी मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. भडकल मराठ्यांच्या साथीने मिळवलेल्या विजयाचा आहे, आणि बाकीचे मराठ्यांच्या धास्तीने उभे राहिले. दोन्ही प्रकारच्या दगडांत मराठे आहेतच. माझ्या भावाला ज्यात फक्त औरंगजेब दिसतो, त्यात मला औरंगजेबाची झोपमोड दिसते.

तट आता जवळपास नाही. शहर वाढलं, रस्ते रुंद झाले, भिंत कुठे पडली, कुठे पाडली, कुठे तिचे चिरे घरांच्या जोत्यात गेले. भिंत गेली आणि दरवाजे मागे राहिले. पैठण गेट बाजाराच्या तोंडाशी, दुचाक्यांच्या गराड्यात. मकाई, महमूद आणि बारापुल्ला हे तीन खाम नदीच्या पुलांना लागून आहेत. घोडे आणि पालख्यांच्या मापाने काढलेल्या कमानींतून वर्षानुवर्षं मालवाहू टेम्पो गेले. कडेचे चिरे खरवडले गेले, कुठे गाडी आदळली, कुठे पिंपळ उगवला. काही वर्षांपूर्वी स्मार्ट सिटीच्या कामात बऱ्याच दरवाज्यांची डागडुजी झाली, चुना भरला, रात्री दिवे लागले. चांगलं झालं. फक्त दिव्यांच्या रंगाबद्दल माझी तक्रार आहे. काळ्या बसाल्टवर जांभळा उजेड पाडला की दरवाजा लग्नाच्या हॉलसारखा दिसतो.

भडकलपाशी मात्र आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही गॅझेटियरात नाही. दरवाज्याजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझा एक वर्गमित्र नागसेनवनात राहायचा. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचा तो परिसर. त्याने मला पहिल्या वर्षी जयंतीच्या आदल्या रात्री तिथे नेलं होतं. बारा वाजता आतषबाजी झाली, निळे झेंडे, ढोल, पोरं एकमेकांच्या खांद्यावर, आणि या सगळ्याच्या मागे ती काळी कमान. त्या रात्री मी दरवाज्याकडे पाहिलंही नसेल नीट. आता आठवतं तेव्हा दोन्ही एकत्र दिसतात. बाजारात उभा करून विकलेल्या पोराने बांधलेला दरवाजा, आणि त्याच्याजवळ माणसाला माणूस म्हणून मोजा असं ठणकावणाऱ्याचा पुतळा. ही जागा कुणी मुद्दाम जुळवून निवडली असं मी म्हणणार नाही. पण मराठवाड्यात दरवाज्यांना असा अर्थ चिकटत जातो. विद्यापीठाच्या गेटचंच बघा. १९७८ साली नामांतराचा ठराव झाला, घरं जळली, माणसं मेली, आणि १४ जानेवारी १९९४ला नाव बदललं. तेव्हापासून दर १४ जानेवारीला लोक त्या गेटपुढे येऊन हात जोडतात. आत जायला नाही. गेटलाच.

'गुलामगिरीची खूण' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात ते यामुळे. भावाने वापरले ते रागाने आणि चुकीच्या अर्थाने. पण शब्द बरोबर होते. भडकल ही गुलामगिरीची खूण आहेच. चारशे वर्षांपूर्वी माणसं विकली जात होती याची, आणि त्यातलाच एक जण उठून शहर बांधून गेला याचीही.

गेल्या महिन्यात भाऊ संभाजीनगरला परीक्षा द्यायला आला होता. मी सुट्टी टाकून पुण्याहून गेलो, म्हटलं पेपर झाला की फिरवतो. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे दादा." म्हणजे कळलंच. टाऊन हॉलच्या उड्डाणपुलाजवळ आम्ही चहा घेतला आणि चालत भडकलला आलो. दुपारचे चार वाजले असतील. सावलीत दोन म्हातारे बसले होते, एक शेळी कमानीच्या कडेला अंग घासत होती.

मी त्याला व्याख्यान दिलं नाही. पाचच गोष्टी सांगितल्या. १६१२. अब्दुल्लाखान. मराठा घोडेस्वार. भातवडी आणि शहाजीराजे. इथिओपियातला चापू. शहाजीराजांचं नाव आलं तेव्हा तो थांबला. "आपले शहाजीराजे?" मी म्हटलं, "हो, दुसरे कोण?" मग तो बराच वेळ वर छताकडे बघत राहिला. परीक्षेचा सीट नंबर अजून त्याच्या तळहातावर पेनाने लिहिलेला होता.

"याला पुरलंय कुठं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, खुलताबादला. गावातच, मोठ्या घुमटाखाली. शेजारी त्याच्या बायकोची कबर. आणि त्याच गावात औरंगजेबाचीही आहे, उघड्या आकाशाखाली, साधी. अंबर तिथे औरंगजेबाच्या ऐंशी वर्षं आधीपासून आहे.

त्याने मोबाइल काढला. मला वाटलं फोटो काढतोय. तो एसटीचं वेळापत्रक बघत होता.

"दादा, शेवटची सोयगाव गाडी चुकली तरी चालेल ना? खुलताबादला जाऊन यायला किती वेळ लागतो?"